जुनी डिस्क आधी बाहेर

नमस्कार, श्रोतेहो. संगणकात नवी एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क, बसवून विंडोज आहे तशी, सगळ्या प्रोग्रॅमसकट, तिच्यावर कशी न्यायची ते आज बघू. महत्त्वाच्या फाइलींचा वेगळा बॅकअप घ्यावा लागतो, हे तुम्हाला सांगायला नको.

सुरुवात एका किश्श्यानं करतो, कारण तो पुन्हा पुन्हा घडतो. डेस्कटॉपमध्ये 500 जीबीची जुनी हार्ड डिस्क. शेजारी नवी एसएसडी जोडली, क्लोन केला, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल तिच्यावर उतरवली, सॉफ्टवेअर म्हणालं ‘काम पूर्ण’. संगणक पुन्हा सुरू केला, सगळं जागच्या जागी! जुनी डिस्क राहू दे आत, जास्तीची जागा होईल. घोटाळा इथंच होतो. संगणक कोणत्या डिस्कवरून सुरू करायचा, त्या मदरबोर्डच्या बूट यादीत अजूनही जुनीच डिस्क पहिली आहे आणि संगणक तिच्यावरूनच सुरू झालाय. दोन्हीकडे तोच वॉलपेपर, तेच फोल्डर, मग कळणार कसं? ‘एवढी एसएसडी घेतली, फरक काहीच नाही,’ अशी कुरकुर तेवढी सुरू होते. महिनाभर हिशेब, फोटो, पत्रं सगळं जुन्या डिस्कवर साठत राहतं.

मग एक दिवस जुनी डिस्क काढली जाते. आता संगणक खरोखर एसएसडीवरून चालू होतो, झटकन. त्या आनंदात जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये, म्हणजे डिस्क बाहेरून जोडायच्या डबीत, घालून फॉरमॅटही होते, म्हणजे पुसली जाते. संध्याकाळी कालची फाइल शोधायला जावं, तर डेस्कटॉप महिन्यापूर्वीचा! गेलेला महिना त्या फॉरमॅटमध्ये गेला.

म्हणून नीट ऐका. क्लोन झाला की संगणक पूर्ण बंद करा, वायर काढा, जुनी डिस्क बाहेर घ्या आणि मगच पहिल्यांदा सुरू करा. पुन्हा सांगतो, आधी जुनी डिस्क बाहेर, मग पहिलं बूट. मग टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये सी ड्राइव्हपुढे नव्या एसएसडीचं मॉडेल दिसतंय ना, तेही बघून घ्या.

क्लोन न करता नव्यानं विंडोज टाकणार असाल, तरी नियम हाच. जुनी डिस्क जोडलेली असली तर बूटचं छोटं पार्टिशन, म्हणजे विंडोज सुरू करून देणारा डिस्कवरचा कप्पा, कधी कधी तिच्यावरच राहतं. पुढं ती काढली की संगणक सुरूच होत नाही.

लॅपटॉपमध्ये एकच स्लॉट असेल तर नवी एसएसडी यूएसबी केसमध्ये घालून क्लोन करा आणि मग अदलाबदल करा. काही लॅपटॉपमध्ये तर स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं. एक स्क्रू काढून आयुष्य वाढवता येईल असं यंत्र मुद्दाम बंदिस्त करायचं, हे मला मुळीच पटत नाही. असो.

खरेदीआधी स्लॉट तपासा. 22 मिलिमीटर रुंद आणि 80 मिलिमीटर लांब अशी एम डॉट टू पट्टी, म्हणजे थेट बोर्डावर बसणारी एसएसडी, साटाची असते, तशीच एनव्हीएमईचीही; या माहिती ने-आण करायच्या दोन वेगळ्या पद्धती. दिसायला सारखी, पण प्रत्येक स्लॉट दोन्ही प्रकार घेतोच असं नाही. पट्टी तिरकी आत सरकवा, खाली दाबा, स्क्रू लावा. स्क्रू इवलासा असतो, खाली आधी पांढरा कागद अंथरा.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कवरचं कुलूप, चालू असेल तर आधी तो सस्पेंड करा, म्हणजे तात्पुरता थांबवा, आणि 48 अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. एसएसडी मोठी घेतली तरी सी ड्राइव्ह वाढत नसेल, तर त्याच्या लगेच मागे रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे विंडोज दुरुस्तीचा कप्पा, आडवं पडलेलं असतं. रिकामी जागा त्याच्या पलीकडे राहते. पार्टिशनच्या सॉफ्टवेअरनं ते शेवटी सरकवलं की सी वाढवता येतो.

जुनी डिस्क दोन आठवडे तशीच बाजूला ठेवा. पुसण्याआधी यूएसबीवर जोडून तिच्यातली सगळ्यात ताजी फाइल कोणत्या तारखेची आहे ते बघा. ती क्लोनच्या दिवसानंतरची निघाली, तर हात आवरा आणि आधी ती फाइल उतरवून घ्या.