पूर्वेला की पश्चिमेला?

(दृश्य: उपनगरातलं रेल्वे स्टेशन, सकाळ. पुलाचा जिना, घाईतली पावलं.)

मार्च महिना. जिन्याखाली एक माणूस पुठ्ठ्याचा खोका घेऊन उभा आहे. खोक्याला पेनने पाडलेली भोकं, वर जुना टॉवेल. टॉवेल जरा सरकला की आत चार-पाच पिल्लं दिसतात. अंगावर पिसं अजून धड फुटलेली नाहीत. सावली पडली की सगळी एकदम चोची वासतात. आई आली असं वाटत असणार.

"घ्या ना ताई, लहान आहे तोवर शिकतो. मिठू मिठू बोलेल."

(दृश्य: गुलमोहराची ढोली, बाहेर डोकावणारा पोपट.)

हा आपला कंठवाला पोपट. थंडी सरता सरता ढोलीत याची पिल्लं असतात आणि ढोलीत हात घालणारेही त्याच सुमारास निघतात. भारतीय पक्ष्यांचा व्यापार बंद होऊन तीस वर्षं उलटली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, तेव्हा हा पोपट अनुसूची दोनमध्ये, म्हणजे कायद्याने संरक्षण दिलेल्या प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत गेला. त्याला पकडणं, विकणं, विकत घेणं, पिंजऱ्यात पाळणं, सगळाच गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बजरीगर आणि लव्हबर्ड परदेशी, त्यांचं प्रकरण वेगळं. त्यामुळे "सगळं लीगल आहे" असं कोणी म्हणालं, तर पक्षी कुठला आहे ते आधी बघायचं.

(दृश्य: खोक्याभोवती जमलेली माणसं. पाकिटात जाणारा हात.)

गर्दीत एखादा भला माणूस असतोच. त्याला राहवत नाही. "दे रे, मी घेतो आणि सोडतो." हेतू चांगला, पण विकणाऱ्याच्या हिशेबी हेही गिऱ्हाईकच. खोका रिकामा झाला की पुढच्या खेपेला दुसरी ढोली. शिवाय पंख न फुटलेलं पिल्लू सोडणार कुठे? बाल्कनीच्या कठड्यावर? तिथे कावळा बसलेलाच आहे.

पैसे द्यायचे नाहीत, वादही घालायचा नाही. वाद झाला की तो खोका उचलून दोन मिनिटांत लोकलमध्ये चढतो. चार पावलं बाजूला जायचं आणि १९२६ लावायचा. महाराष्ट्र वन विभागाचा हा टोल फ्री नंबर.

"काय आहे?"
"पोपटाची पिल्लं विकतायत."
"कुठे?"
"स्टेशनबाहेर, पुलाच्या जिन्याखाली."
"पूर्वेला की पश्चिमेला?"

मुंबईत या एका प्रश्नावर अर्धी तक्रार अडते. नुसतं "स्टेशनजवळ" म्हटलं, तर पथक फाटकाच्या भलत्या बाजूला उतरणार. जिना कुठला, समोर दुकान कुठलं, माणसाच्या अंगात काय, पिल्लं किती, तो रोज येतो की फक्त रविवारी, गाडी असेल तर तिचा नंबर. लांबून, त्याच्या नकळत जमला तर एक फोटो. माणूस निसटायच्या बेतात असेल तर पोलिसांचा ११२ आहेच.

(दृश्य: अंधारात उजळलेली मोबाइलची स्क्रीन, बोट वर सरकतंय.)

आता बराचसा धंदा जिन्याखालून फोनमध्ये शिरलाय. कुणाच्या स्टेटसला घरात लक्ष्मी आणणारं चांदणी कासव, कुणाकडे गुप्तधन दाखवणारं मांडूळ. मांडूळ म्हणजे बिचारा उंदीर खाणारा बिनविषारी साप. शेपूट आखूड आणि बोथट, म्हणून लोकांनी त्याला दुतोंड्या केलं. चांदणी कासव तर अनुसूची एकमध्ये आहे. तिथे कैद तीन ते सात वर्षं, दंड किमान पंचवीस हजार. असलं काही दिसलं की आपण काय करतो? "बघा, काय चाललंय!" म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. तासाभरात स्टेटस गायब, नंबर बंद. आधी स्क्रीनशॉट घ्यायचा. त्यात नंबर, तारीख, वेळ दिसली पाहिजे. लिंक जपून ठेवायची आणि गप्प बसून कळवायचं. ऑनलाइन विक्री, विमानतळ, बंदर अशा ठिकाणच्या तस्करीसाठी केंद्र सरकारचा वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो २००७पासून आहे. त्याचा टोल फ्री नंबर १८००-११-९३३४.

(दृश्य: बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेची पायवाट. झुडपात चमकणारी तार.)

मॉर्निंग वॉकला गेलात आणि झुडपाच्या बुंध्याला गाडीच्या क्लच वायरचा फास दिसला, तर तोही कळवायच्या गोष्टींतलाच. लावलेला असतो डुकरासाठी. बिबट्याही त्याच वाटेने जातो. हात लावू नका, तो पुरावा आहे. जागेचं लोकेशन पाठवा. फासात जनावर अडकलेलं असेल तर जवळ जाऊ नका, माणसं जमवू नका, आधी फोन.

आणि पोपट आधीच घरात आलेला असेल तर? भाच्याने हौसेने आणलेला, आता आजीच्या हातून मिरची खाणारा? कायदा म्हणतो, असा प्राणी सरकारची मालमत्ता. ताब्यात आल्यापासून ४८ तासांत वन अधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवून स्वाधीन करायचा. आजीची समजूत काढणं हे काम वेगळं, आणि जास्त अवघड.

(दृश्य: पुन्हा जिना. खाकी गणवेशातली दोन माणसं, जमिनीवर खोका.)

फोन करताना नाव गुप्त ठेवा असं सांगता येतं. आपण कळवूनही कुणी हललंच नाही, तर सरकारला ६० दिवसांची नोटीस देऊन सामान्य माणूस स्वतः कोर्टात तक्रार करू शकतो. ही वाट लांबची आहे, पण आहे.

आज मात्र वन विभागाची गाडी आली. पिल्लं मोजली गेली. कागद काढून वनरक्षक गर्दीकडे बघतो.

"पंचनामा करायचाय. पंच म्हणून कोण सही करतंय?"

आत्तापर्यंत वाकून बघणाऱ्यांना अचानक ८.५२ची लोकल आठवते. पर्स खांद्याला लावून निघालेली एक बाई दोन पायऱ्या चढते, थांबते, परत खाली येते.

"पेन आहे का हो तुमच्याकडे?"