जुनी रॅम्पची गाडी घेताना

नमस्कार श्रोतेहो.

घरातलं माणूस व्हीलचेअरवर असलं की बाहेर निघणं म्हणजे आधी त्याला उचलून गाडीत बसवायचं आणि मग खुर्चीची घडी करून डिकीत टाकायची. उचलणाऱ्याची पाठ धरते, आणि ज्याला उचलतात त्याला दर वेळी संकोच सोसावा लागतो. रॅम्पच्या व्हॅनमध्ये खुर्चीसकट आत जाता येतं. नवी व्हॅन फार महाग, म्हणून आम्ही जुनी शोधायला निघालो.

पहिल्याच दिवशी आमचं चुकलं. आईला घरी ठेवून गेलो. इंजिन ऐकलं, टायर पाहिले, किलोमीटर विचारले, गाडी पसंत पडली. दुसऱ्या दिवशी आईला नेलं तर दारातच तिचं डोकं अडलं. फरक दोन बोटांचा होता! तेव्हा खुर्चीत बसलेल्या माणसाची जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची आधी मोजा, आणि ती दाराच्या मोकळ्या उंचीशी ताडून पाहा. पाय ठेवायच्या पट्ट्यांसकट खुर्चीची लांबीही घ्या, आत वळवताना ती लागते.

आता चढाचं बघू. इमारतीच्या रॅम्पला 1:12 हे प्रमाण चांगलं मानतात, म्हणजे एक फूट वर चढायला बारा फूट लांबी. गाडीत तेवढी जागा कुठली? गाडीचा तळ जमिनीपासून 40 सेंटिमीटर आणि रॅम्प 160 सेंटिमीटर लांब असला, तर चढ जवळजवळ 1:4 होतो. रोज खुर्ची ढकलणाऱ्यानंच तिथे ढकलून बघावं. मोटरच्या खुर्चीचंच वजन 100 किलोच्या वर जाऊ शकतं. त्यात बसलेलं माणूस आणि मागून आधार देणारा, असं सगळं मिळून रॅम्पला पेलतं का, ते विचारा.

अशी गाडी म्हणजे खरं तर दोन यंत्रं. एक कारखान्यातली गाडी, दुसरं नंतर केलेला बदल. पुष्कळदा मूळ तळ कापून खाली घेतलेला असतो. त्या जोडांना गंज लागला आहे का, हे गाडी वर उचलून खालूनच दिसतं. रॅम्प विजेवर चालत असेल तर लागोपाठ दहा वेळा उघडा-मिटा. मग वीज बंद करून हातानं उघडून पाहा, कारण बॅटरी उतरली तर आतलं माणूस आतच अडकतं.

खुर्ची चार पट्ट्यांनी गाडीच्या तळाला बांधतात. पट्टे विरलेले असतील तर नवेच घ्या, इथे काटकसर नको. आणि माणसाचा सीटबेल्ट वेगळा हवा. खुर्चीचा कमरपट्टा बसायला आधार देतो, धडकेत तो पुरत नाही.

रॅम्प बाजूला असेल तर गाडीशेजारी मोकळी जागा लागते. कुणी खेटून गाडी लावली की आत जाणंच बंद. मागच्या रॅम्पला ती अडचण नाही, पण बहुतेक वेळा खुर्ची सगळ्यांच्या मागे राहते. गप्पा पुढे चालतात, खुर्चीतल्या माणसाला ऐकू येत नाहीत. हे विक्रेता सांगणार नाही, आईनं सांगितलं.

दुसरी गाडी सगळ्या मापांत बसली. आम्ही आईला घेऊन वीस मिनिटं फिरून आलो आणि विचारलं, कशी वाटली? ती म्हणाली, "खिडकीतून मला नुसता रस्ता दिसतो. आभाळ नाही, माणसांचे चेहरे नाहीत." खुर्चीत तिचे डोळे काचेच्या वरच्या कडेपाशी येत होते. ती गाडी आम्ही घेतली नाही.