कार्पेथियन किल्ला: ज्यूल व्हर्नचं विजेवर चालणारं भूत

हा रोमानियातला कोल्ट्स किल्ला. रेतेझात डोंगरांच्या कुशीत, चौदाव्या शतकातला. छप्पर कधीच गेलं, भिंती अजून तग धरून आहेत. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नला 'कार्पेथियन किल्ला' या कादंबरीतला किल्ला इथंच सुचला, असं या भागात सांगतात. कादंबरीत मात्र तो वल्कन खिंडीजवळ आहे, वेर्स्ट गावाच्या वर.

आणि हे फ्रान्समधलं आमियाँ. मनोऱ्याच्या या घरात व्हर्न १८८२ ते १९०० राहिला. याच काळात, १८९२ साली, 'कार्पेथियन किल्ला' प्रसिद्ध झाली. भा. रा. भागवतांच्या अनुवादांमुळे मराठी घरांत पोचलेला व्हर्न चंद्रावर आणि पाताळात नेणारा. हा व्हर्न आपल्याला ओसाड किल्ल्यात नेतो.

लिओं बेनेतची ही मूळ चित्रं. फ्रिक नावाचा मेंढपाळ फेरीवाल्याकडून दुर्बीण घेतो, किल्ल्याकडे रोखतो, तर बुरुजातून धूर! मालक बॅरन गोर्ट्झ कित्येक वर्षं बेपत्ता. किल्ल्यातल्या बीचच्या झाडाची दरवर्षी एक फांदी गळते, शेवटची गळाली की किल्ला संपला, ही गावाची पक्की समजूत. उरल्यात तीन. मग गावच्या खाणावळीत अचानक आवाज घुमतो: किल्ल्याकडे फिरकू नका. तरी वनरक्षक निक डेक जातो. खंदकावरच्या उचलत्या पुलाच्या लोखंडाला हात लावतो आणि फेकला जातो. सोबतच्या डॉक्टरचे पाय खंदकात जमिनीला चिकटतात.

व्हर्न यातलं एकही कोडं वाऱ्यावर सोडत नाही. लोखंडात वीज खेळवलेली, डॉक्टरच्या बुटांचे खिळे चुंबकानं धरलेले, खाणावळीपर्यंत टेलिफोनची तार ओढलेली. हे सगळं उभं केलंय बॅरनच्या पदरी असलेल्या ऑर्फानिक या संशोधकानं. तारेतून आवाज नेणं तेव्हा नुसती कल्पना नव्हती. १८८१ च्या पॅरिस वीज प्रदर्शनात लोकांनी ऑपेरातलं गाणं टेलिफोन कानाला लावून ऐकलं होतं.

पण किल्ल्याचं खरं गुपित या यंत्रात आहे. हा फोनोग्राफ. एडिसननं तो १८७७ मध्ये केला, तेव्हा नळकांड्यावर कथलाचा पत्रा असे. पुढं मेण आलं. नीट बघा. कर्ण्यात गायलं की आतला पातळ पडदा थरथरतो. पडद्याला जोडलेली सुई फिरत्या मेणात खोबण कोरत जाते, आणि मेणाचा बारीक कीस बाजूला पडतो. वाजवताना सुई त्याच खोबणीतून जाते, पडदा तसाच थरथरतो, आणि गाणारी व्यक्ती खोलीत नसताना तिचा आवाज येतो. मेण मऊ. दर वेळी वाजवलं की खोबण थोडी झिजते.

बॅरननं असाच एक आवाज पळवलाय, ऑपेरा गायिका ला स्टिलाचा. नेपल्सच्या सान कार्लो नाट्यगृहात, निरोपाच्या प्रयोगात, गाता गाता ती कोसळून मरण पावते. तिचं लग्न ज्याच्याशी ठरलं होतं तो काउंट फ्रान्झ पुढं वेर्स्टला येतो, आणि किल्ल्यात ती त्याला दिसते. गाताना. ती असते तिची तसबीर, झगझगीत उजेडात आरशांतून समोर उभी केलेली. लंडनच्या रंगमंचावर १८६० च्या दशकातच काचेच्या साहाय्यानं अशी भुतं दाखवत होते. व्हर्ननं त्या प्रतिमेला आवाज जोडला. ल्युमिएर बंधूंचा पॅरिसमधला पहिला जाहीर खेळ झाला १८९५ साली, आणि तोही मूकच.

शेवटी एका गोळीनं आवाजाची पेटी फुटते, किल्ला सुरुंगानं उडतो, बॅरन त्यात मरतो, फ्रान्झला वेड लागतं.

'ड्रॅक्युला' आली १८९७ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनंतर. ट्रान्सिल्व्हेनिया म्हटलं की आज तिचंच नाव निघतं, पर्यटकांच्या गाड्या 'ड्रॅक्युलाचा किल्ला' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ब्रानच्या गडाकडे वळतात. या डोंगरांतला व्हर्नचा किल्लाही लोकांनी वाचावा, एवढ्यासाठी आम्ही कॅमेरा घेऊन इथं आलो.