मॉलमध्ये बसायचं कुठं?

मंडळी, आज २४ डिसेंबर. १९८६ साली याच दिवशी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, म्हणून आपण ग्राहक दिन करतो. कायद्यावर बोलायला बाकीचे आहेत, मी आज फक्त खुर्चीबद्दल बोलते.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, सुरू होता, मी आईला घेऊन आपल्या नागपुरातल्या एका मॉलमध्ये गेली होती. बाहेर ४५ डिग्री, दुपट्टा बांधूनही कान भाजून राहिले होते, अन् काचेच्या दारातून आत पाऊल टाकलं तसं आई म्हणाली, "बाप्पा, जिवात जीव आला." हे सुख खरं आहे. घरी कूलरमध्ये बादल्या ओतून ओतून हात दुखतात, अशा गावात एसी मॉल म्हणजे दुपारचा आसराच, त्याला मी नावं ठेवणार नाही.

पण अर्ध्या तासात आईचे गुडघे बोलायला लागले अन् बसायला कुठंच काही नाही. खुर्च्या फूड कोर्टात, तो तिसऱ्या माळ्यावर, लिफ्ट पार टोकाला, अन् एस्केलेटरवर पाय टाकायची तिला भीती वाटते. आई खांबाला टेकून उभी राहिली. तेवढ्यात कपड्याच्या दुकानातली एक पोरगी आतून स्टूल घेऊन आली, वरच्या फळीवरचा माल काढायचा असतो ना तो, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी लावलेली. "आजी बसा, पाणी आणू का?" आई म्हणाली, तू पण टेक ना जराशी. तर ती म्हणे, "आम्हाला बसू देत नाहीत आजी, सकाळपासून उभीच आहे." बोलता बोलता तिनं चपलेतून टाच काढली अन् दुसऱ्या पायावर भार घेतला, ते मी अजून विसरली नाही.

इतवारीत, गांधीबागेत साडी घ्यायला गेलं की आधी पांढऱ्या गादीवर बसवतात, पाणी देतात, मग विचारतात काय दाखवू, अन् दाखवणाराही बसूनच घड्या उलगडतो. केरळनं २०१८ मध्ये अन् तामिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा द्या असा कायदाच केला. अन् आपल्या गावात तर १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, तिथं १८८६ मध्येच कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला होता! त्या मिलच्या जागेवर आज मॉल आहे (मी सांगितला तो हा नव्हे), पण तिथून जाताना मला हे आठवतंच.

मी त्या मॉलच्या ऑफिसात अर्ज दिलाय, प्रत्येक माळ्यावर बाकं ठेवा, अन् प्रत्येक काउंटरमागं एक स्टूल. तुम्ही जाल तेव्हा बिल करताना फीडबॅक मागतात ना, तिथं हेच लिहा, अन् त्या पोरींना विचारा, बाई, तू कधीची उभी आहेस?