प्रत माहितीसाठी

(दृश्य: जुना टाइपरायटर. कागद, कार्बन, कागद, कार्बन.)

चार कोरे कागद, मध्ये तीन कार्बन. कडा ठोकून जुळवायच्या आणि रोलरमध्ये सरकवायच्या. एखादा कार्बन उलटा लागला, तर अक्षरं वरच्या कागदाच्या पाठीवर उमटायची. दुसरी प्रत बरी यायची, तिसरी जेमतेम. चौथीत 'घ' आहे की 'ध', ते अंदाजानंच ओळखायचं. म्हणून टंकलेखक आधी विचारून घ्यायचा, "साहेब, किती प्रती?"

ई-मेलमधलं 'सीसी' ते हेच, कार्बन कॉपी. कार्बन गेला, नाव राहिलं. तो प्रश्न मात्र कार्बनबरोबरच गेला.

(दृश्य: सरकारी पत्राचा तळ.)

"प्रत माहितीसाठी सविनय सादर" ही वरच्यांना. "माहिती व आवश्यक कार्यवाहीसाठी" ही खालच्यांना. सरकारी भाषेला हसा खुशाल, पण कुणी नुसतं वाचायचं आणि कुणी हातपाय हलवायचे, ते इथं स्पष्ट असतं. सीसीत नुसती पाच नावं दिसतात. त्यातलं पाचवं बहुधा साहेबांचं, आणि ती प्रत म्हणजे सभ्य कपड्यातली चहाडी.

(दृश्य: हिरव्या अक्षरांचा काळा पडदा.)

३ मे १९७८. 'डेक' या अमेरिकी संगणक कंपनीच्या गॅरी थ्युर्क यांनी नव्या यंत्रांच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या सुमारे चारशे जणांना एकदम धाडलं. पत्त्यांची जागा भरली, उरलेले पत्ते खाली मजकुरात सांडले. आमंत्रण राहिलं बाजूला, आधी पत्त्यांची ही वरात. नेटवर्क सांभाळणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनी कान उपटले.

ऑक्टोबर १९९५मध्ये सॅली हॅम्ब्रिज यांनी नेटवरच्या शिष्टाचाराची नियमावली लिहून काढली. सगळी अक्षरं कॅपिटल म्हणजे ओरडणं, असं त्यात आहे. (देवनागरीत ती सोय नाही, आपण उद्गारचिन्हांवर भागवतो.) आणखी एक नियम: बोलणं दोघांतच उरलं असेल, तर बाकीच्यांना सीसीतून मोकळं करा.

(दृश्य: सोसायटीचा नोटीस बोर्ड.)

हा नियम आमच्या सोसायटीपर्यंत पोचलेला नाही. देखभाल खर्च थकवलेल्या अकरा जणांना सेक्रेटरींनी एकच मेल केला. अकराही पत्ते उघडे. बीसीसीत टाकले असते, तर कुणाचं थकलंय ते दुसऱ्याला कळलंच नसतं. 'बी' म्हणजे ब्लाइंड, आंधळी प्रत. तिचा खरा उपयोग हा. साहेबांना पडद्याआड बसवून ऐकवणं नव्हे. त्यात आडोशाच्या साहेबांनी 'रिप्लाय ऑल' दाबलं की पडदाच खाली.

तासाभरात एकानं सगळ्यांना कळवलं, "मी कालच भरलेत." दुसऱ्यानं पावतीचा फोटो जोडला. तिसऱ्यानं लिफ्टचा विषय काढला. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं, "कृपया सर्वांना उत्तर पाठवू नये."

तेही सर्वांना. त्यावर चार धन्यवाद आले.