अंधारातलं मोकळं पाणी

पडद्यावर आत्ता जे दिसतंय, ते कुठल्या कॅमेऱ्यानं टिपलेलं नाही. हा अंटार्क्टिकाला लागून असलेला वेडेल समुद्र. ऐन हिवाळा, म्हणजे आपला जून, जुलै, ऑगस्ट. दिवस नावापुरता, त्यावर ढगांचं झाकण. कॅमेऱ्याचं इथे काही चालत नाही.

डिसेंबर 1972 मध्ये नासानं निंबस-5 हा उपग्रह सोडला. त्यावरच्या एका उपकरणाला उजेडाची गरजच नव्हती. समुद्राच्या पृष्ठभागातून आपसूक निघणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी ते मोजायचं. या लहरींना ना काळोखाची अडचण, ना ढगांची फारशी.

खरी गंमत चित्र वाचण्यात आहे. पाणी उणे 2 अंशांच्या आसपास, वरचं बर्फ त्याहून कितीतरी गार. उपकरणाला मात्र बर्फ ‘उबदार’ वाटतं आणि पाणी ‘थंड’! कारण बर्फ या लहरी सढळ हातानं सोडतं, पाणी हात आखडून. एकदा हे उलटं गणित अंगवळणी पडलं, की बर्फ कुठे आणि पाणी कुठे, ते लगेच कळतं. ढोबळच हं, चित्रातला एकेक ठिपका 25-30 किलोमीटरचा.

1974 च्या हिवाळ्यात या ठिपक्यांमध्ये एक भोक दिसलं. चहूकडे बर्फ, मधोमध उघडं पाणी, सुमारे 2.5 लाख चौरस किलोमीटर. महाराष्ट्राहून थोडंसंच लहान! अशा जागेला रशियन भाषेतून आलेलं नाव आहे, पॉलिन्या. 1975 मध्ये ती पुन्हा दिसली, 1976 मध्येही. मग एवढी मोठी कधीच नाही.

सप्टेंबर 2017. त्याच भागात, मॉड राइज या समुद्रतळावरच्या उंचवट्यावर, बर्फ पुन्हा फाटलं. भोक पूर्वीपेक्षा बरंच लहान, पण आता रोजच्या रोज नकाशे हाताशी होते. वादळं घोंगावली, वरचं पाणी घुसळलं गेलं, खालचं खारट आणि तुलनेनं उबदार पाणी वर आलं.

हे ‘खालचं’ उपग्रहाला दिसत नाही; त्याची नजर पृष्ठभागावरच थांबते. खोलातले आकडे मिळाले ते तरंगत्या यंत्रांकडून आणि डोक्यावर सेन्सर चिकटवलेल्या हत्ती सीलकडून. सील खोल बुडी मारतो, श्वास घ्यायला वर येतो, तेवढ्यात आकडे उपग्रहाकडे रवाना. वर्षातून एकदा तो कात टाकतो, आणि जुन्या केसांबरोबर सेन्सरही गळून पडतो.