दर दोन तासांनी

(दृश्य : पलंगावरची चादर ओढून सरळ करणारे हात)

काकू चादरीवरून तळहात फिरवताहेत. कुठे सुरकुती राहिली का, शर्टाचं तुटलेलं बटण अंगाखाली गेलंय का, ते चाचपताहेत. काकांना ते टोचणार नाही. मणक्याला मार लागल्यापासून कमरेखालचं काहीच कळत नाही त्यांना.

आपण खुर्चीत बसल्या बसल्या सारखे हलत असतो. झोपेतही कूस बदलतो, कारण अंग दुखायला लागतं. ते दुखणंच गेलं की माणूस तासन्‌तास एकाच अंगावर राहतो. माकडहाड, खुबे, टाचा, जिथे जिथे हाड कातडीला टेकलेलं, तिथलं मांस हाड आणि गादीच्या मध्ये चेपतं. रक्त पोचत नाही आणि ते मरू लागतं. बऱ्याचदा सुरुवात आत, हाडाजवळ होते. म्हणून वरून रुपयाएवढी दिसणारी जखम आत मूठ जाईल एवढी निघते. हेच बेडसोर.

(दृश्य : जुनी छायाचित्रं)

मणका मोडलेले सैनिक पूर्वी या जखमांनी आणि लघवीच्या संसर्गाने दगावायचे. नाझी जर्मनीतून जीव वाचवून आलेल्या डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात नेम घालून दिला : दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, रात्रीसुद्धा. त्याच आवारात १९४८ मध्ये व्हीलचेअरवरच्या १६ जणांनी तिरंदाजीची स्पर्धा खेळली. पॅरालिम्पिकचं मूळ ते.

आणि पैसा असला म्हणजे हे टळतं, असंही नाही. सुपरमॅन साकारणारे आणि पुढे मणक्याच्या दुखापतीने लुळे पडलेले क्रिस्टोफर रीव्ह २००४ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्यावर बेडसोरमधल्या संसर्गाचेच उपचार चालू होते.

(दृश्य : लांब दांड्याचा आरसा)

सकाळी काका हा आरसा मागे धरून स्वतःची पाठ बघतात. लाल डाग बोटाने दाबून सोडला तरी लालच राहिला, तर बेडसोरची सुरुवात झालीय. सावळ्या कातडीवर लाली चटकन कळत नाही. मग काकू हाताने बघतात, जागा गरम लागते का, कडक लागते का. तशी लागली, की त्या अंगावर भार पूर्ण बंद आणि डॉक्टरांना फोन.

तिथे चोळायचं मात्र नाही. पावडर लावून मालीश करणं घरोघरी चालतं, कळवळ्यानेच चालतं. पण चेपलेलं मांस त्याने आणखी दुखावतं. बसायला रबरी रिंगही नको, तिच्या कडा रक्त अडवतात. व्हीलचेअरवर असताना काका पंधरा-वीस मिनिटांनी पुढे वाकतात आणि मिनिट-दोन मिनिटं तसेच राहतात.

एअर बेड आणलाय. तरी कूस बदलणं सुटलेलं नाही. काकूंच्या फोनवर बारा, दोन आणि चारचा गजर आहे. तीन वर्षं त्या सलग चार तास झोपलेल्या नव्हत्या. बेडसोरबद्दल बोलताना या झोपेचा हिशेब कुणी मांडत नाही, तो मांडायलाच हवा.

गेल्या महिन्यापासून दोनची आणि चारची पाळी पुतण्याने घेतलीय. उशी पाठीमागे कशी सरकवायची, हे काकूंनी त्याला शिकवलंय.

(दृश्य : अंधारात फोनचा उजेड. गजर. उठणारा मुलगा.)